शेवटचं कुणी पाहिलं?

टॉवर ऑफ लंडनला आपली पब्लिक जाते ती कोहिनूर बघायला. मीही त्यासाठीच गेले होते, खोटं कशाला बोलू? मागच्या उन्हाळ्यात ताईकडे तीन आठवडे मुक्काम ठोकला होता. फ्रीलान्सिंगचा हा एकच फायदा, लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. (तोटे या कॉलमच्या वाचकांना पाठ आहेत. चेक कधी येणार, हा त्यातला पहिला.) ताई-भावोजी दोघंही नोकरीवाले, शाळांना सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे त्यांची दोन कार्टी आपसूकच माझ्या गळ्यात पडली. मोठा बारा वर्षांचा, धाकटा नऊ. मराठी बोलतात, पण लंडनच्या चालीवर.

कोहिनूरचं म्हणाल तर सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, मुकुट डोळ्यांसमोरून सरकतात, आणि ‘अगं हाच का तो?’ म्हणेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. टोटल पोपट! बाहेर आलो. मधोमध व्हाइट टॉवर नावाची जाडजूड इमारत आहे. तिच्या जिन्यापाशी धाकटा थबकला, भिंतीवरची पाटी दाखवून एकदम कॅज्युअली म्हणाला, ‘मावशी, इथे त्या दोन राजपुत्रांची हाडं मिळाली. आम्हाला शाळेत सांगितलंय.’

‘किती वर्षांचे होते रे?’

‘मोठा बारा, धाकटा नऊ,’ मोठ्याने सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. ‘सेम टू सेम!’

मला काही हसू आलं नाही. तिथून जे डोक्यात बसलं ते आजतागायत उतरलेलं नाही. आता तुमच्याही डोक्यात घालते.

तर सीन असा. साल १४८३. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड ९ एप्रिलला अचानक गेला. चाळिशी गाठली की बघू, असं आपण ज्या वयात तब्येतीबद्दल म्हणतो, त्या वयात. मागे राणी एलिझाबेथ वुडविल, बऱ्याच मुली आणि दोन मुलगे. मोठा एडवर्ड, आता पाचवा एडवर्ड, म्हणजे ऑफिशियली राजाच. धाकटा रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क. थोरला तेव्हा लंडनमध्ये नव्हता. तो वेल्सच्या सीमेवर लडलोच्या किल्ल्यात वाढत होता, मामाच्या देखरेखीखाली. मामा म्हणजे राणीचा भाऊ, अँथनी वुडविल, अर्ल रिव्हर्स. राज्याभिषेकासाठी मामा भाच्याला घेऊन लंडनला निघाला आणि वाटेत भेटला काका. म्हणजे मेलेल्या राजाचा सख्खा धाकटा भाऊ, रिचर्ड, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर.

इंग्रजी पुस्तकांत हे दोघंही नुसते ‘अंकल’. त्यामुळे वाचताना अर्धी गंमत निघून जाते. मामा आणि काका म्हटलं की अख्खं भांडण कळतं की नाही? एकीकडे आईचं माहेर, एकीकडे बापाचं घराणं, आणि मधे बारा वर्षांचं पोर.

३० एप्रिलला स्टोनी स्ट्रॅटफर्ड या गावी काकाने राजाला ताब्यात घेतलं. मामाला नॉर्थहॅम्प्टनमध्ये आधीच अटक झाली होती. ही बातमी लंडनला पोचली तशी राणी रातोरात उठली आणि धाकट्या मुलाला आणि मुलींना घेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरली. तिथे ‘सँक्चुअरी’ मिळायची, म्हणजे देवाच्या दारात आलेल्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम. ही तिची पहिली वेळ नव्हती. १४७० साली नवरा गादी सोडून परदेशी पळाला होता तेव्हाही ती इथेच आली होती, आणि हा थोरला एडवर्ड इथेच जन्मला होता.

थोरला मे महिन्यात लंडनला पोचला आणि त्याची रवानगी टॉवरमध्ये झाली. इथे एक गैरसमज दूर करते, कारण मीही त्यातलीच. टॉवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तुरुंगच येतो. पण त्या काळी तो राजवाडाही होता, आणि राज्याभिषेकाआधी राजाने तिथे राहायचं अशी प्रथाच होती. त्यामुळे पोराला तिथे ठेवलं म्हणून कुणाच्या भुवया वर जायचं कारण नव्हतं. राज्याभिषेकाची तारीख ठरली होती, २२ जून.

१३ जूनला काकाने लॉर्ड हेस्टिंग्जला मारलं. हा मेलेल्या राजाचा जिगरी दोस्त, पोरांच्या बाजूचा. कौन्सिलची मीटिंग चालू असताना पकडला आणि खटलाबिटला काही न करता डोकं उडवलं. मग तीन दिवसांनी, १६ जूनला, ॲबीच्या दारात माणसं उभी राहिली. बाहेर शस्त्रधारी, आत कँटरबरीचे आर्चबिशप, थॉमस बूशिए. थोरल्याला टॉवरमध्ये एकट्याला करमत नाही, भावाच्या राज्याभिषेकाला भाऊ नको का, अशी गोड बोलणी. आणि आईने धाकट्याला दिलं.

इथवर सांगितलं आणि धाकट्याने मला थांबवलं. आम्ही टॉवरच्या हिरवळीशेजारी बाकावर सँडविच खात बसलो होतो. ‘पण मावशी, आईने दिलंच का त्याला?’

तोंडात घास होता, म्हणून वाचले.

पुढचा भाग फास्ट फॉरवर्ड करते. २२ जूनला राज्याभिषेक झालाच नाही. त्याऐवजी सेंट पॉल्सबाहेर प्रवचन झालं, की चौथ्या एडवर्डचं लग्नच मुळात बेकायदा. त्याने आधीच दुसऱ्या एका बाईला, एलेनर टॅलबटला, लग्नाचा शब्द दिला होता, सबब ही पोरं अनौरस. २५ जूनला मामाचा शिरच्छेद. त्याच दिवशी रिचर्ड ग्रे याचाही, हा राणीचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा. ६ जुलैला काका वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसरा रिचर्ड म्हणून मुकुट घालून उभा. तीन महिन्यांत काम तमाम. कुठल्याही कंपनीतला टेकओव्हर याहून जास्त वेळ खातो.

आणि पोरं?

मास कॉमला असताना क्राइम रिपोर्टिंगचे सर एक गोष्ट डोक्यात हाणायचे. बेपत्ता माणसाची बातमी करायची तर ‘कुणी पळवलं’पासून सुरुवात करायची नाही. शेवटचं कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, हे आधी. बरं, सर.

साक्षीदार एक: लंडनच्या एका जुन्या बखरीत नोंद आहे की मुलं टॉवरच्या बागेत धनुष्यबाण खेळताना दिसायची. बास, एवढंच. साक्षीदार दोन जास्त कामाचा. डॉमिनिक मँचिनी नावाचा इटालियन त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता, जुलैत तो निघून गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने आपल्या आश्रयदात्यासाठी सगळं लिहून काढलं. तो लिहितो की मुलांना आतल्या खोल्यांत हलवलं, मग गजांमागे, खिडक्यांत ती कधीमधी दिसायची, मग त्याहून कमी, मग दिसेनाशीच झाली. थोरल्याकडे शेवटपर्यंत जाणारा माणूस म्हणजे त्याचा डॉक्टर, जॉन अर्जेंटाइन. त्याने सांगितलं की पोरगा रोज पापांची कबुली देतो, प्रायश्चित्त घेतो, कारण आपलं मरण जवळ आलंय अशी त्याची खात्री झालीय.

बारा वर्षांचा. आमच्या मोठ्याला या वयात पिझ्झ्यावर अननस चालतो की नाही, यावर ठाम मत आहे.

मँचिनीचं हे लिखाण कित्येक शतकं कुणाला माहीतच नव्हतं. १९३४ साली ते फ्रान्समधल्या लीलच्या ग्रंथालयात सापडलं. आणि गंमत बघा, मँचिनी स्वतः म्हणतो की पोरं मेली का, कशी मेली, हे मला कळलेलं नाही. मला हा माणूस त्या एका वाक्यासाठी आवडला. स्टोरी फाइल करताना ‘माहीत नाही’ लिहायची हिंमत आजही किती जणांकडे आहे?

त्या पानानंतर अंधार. ऑटममध्ये पोरं मेल्याची अफवा इंग्लंडभर पसरली. पुढच्या जानेवारीत फ्रान्सच्या चॅन्सेलरने भर सभेत सांगितलं की इंग्लंडच्या राजपुत्रांचा खून झालाय. तिसऱ्या रिचर्डला हे सगळं एका झटक्यात बंद करता आलं असतं. पोरांना एका रविवारी घोड्यावर बसवून लंडनमधून फिरवून आणायचं, की झालं. त्याने ते केलं नाही. पोरं मेली असतील तर मग दुसरा रस्ता, आजारपणाने गेली असं जाहीर करून थाटात अंत्यसंस्कार. तेही केलं नाही. त्याने काहीच केलं नाही, आणि माझ्या मते त्याच्याविरुद्धचा सगळ्यात भारी पुरावा हाच आहे. आपल्याकडे ‘काका मला वाचवा’ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तर काका म्हटलं की दुसरा संशयितच दिसत नाही. पण शनिवारवाड्यातल्या नारायणरावांचा मृतदेह तरी होता, आणि तोंडावर निकाल सुनावणारे रामशास्त्री होते. इथे दोन्ही नाहीत.

रिचर्डची बाजू घेणारेही कमी नाहीत बरं का. त्यांची अख्खी सोसायटी आहे, १९२४ पासून. जोसेफिन टे हिने १९५१ साली ‘द डॉटर ऑफ टाइम’ नावाची डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिली, त्यात हॉस्पिटलमध्ये पडलेला इन्स्पेक्टर बेडवरूनच ही केस उकलायला घेतो आणि रिचर्डला सोडून देतो. (वीकेंडला वाचाच, एका बैठकीत संपते.) १९८४ साली तर ब्रिटिश टीव्हीवर त्याचा रीतसर खटला चालवला, खरे वकील, ज्युरी, सगळं. निकाल: निर्दोष. या मंडळींचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आपल्याला माहीत असलेला कुबडा, खुनशी रिचर्ड हा शेक्सपिअरचा, आणि शेक्सपिअर लिहीत होता ते रिचर्डला मारून गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याच्या राज्यात. उशीने तोंड दाबून मारलं ही गोष्ट सविस्तर सांगितली ती थॉमस मोअरने, घटनेनंतर तीसेक वर्षांनी. त्याच्या म्हणण्यानुसार सर जेम्स टिरेलने दोन माणसांकरवी हे काम केलं, आणि १५०२ साली दुसऱ्याच देशद्रोहाच्या आरोपात मरायची वेळ आली तेव्हा कबुली दिली. ती लेखी कबुली आजवर कुणालाही मिळालेली नाही.

मग सातव्या हेन्रीचं काय? २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मेला, हेन्री राजा झाला आणि पुढच्या जानेवारीत त्याने या पोरांच्या बहिणीशी, एलिझाबेथ ऑफ यॉर्कशी लग्न केलं. आता पेच बघा. तिचं लग्नाच्या बाजारातलं वजन वाढवायचं तर ‘ही भावंडं अनौरस’ हा कायदा रद्द करायला हवा. त्याने केलाच, वर प्रती न वाचता नष्ट करा असा हुकूमही काढला. पण बहीण औरस ठरली की भाऊही औरस. ते जिवंत असतील तर राजा हेन्री नाही, ते! म्हणजे त्यांचं नसणं काकाला जितकं सोयीचं, तितकंच मेव्हण्याला. आणि तरी या मेव्हण्यानेही नीट चौकशी लावली नाही. रिचर्डच्या गुन्ह्यांच्या यादीत कोवळ्या मुलांचं रक्त सांडल्याचा मोघम उल्लेख केला, नावं नाहीत, तपशील नाही. का? बहुतेक त्यालाही ठाऊक नव्हतं म्हणून. राजवाडा ताब्यात आला, पण आत हाडं सापडली नाहीत.

त्याची शिक्षा त्याला मिळाली. १४९१ साली आयर्लंडमध्ये एक देखणा तरुण उगवला आणि सांगू लागला की मीच तो धाकटा, रिचर्ड. बरगंडीच्या मार्गारेटने, म्हणजे सख्ख्या आत्याने, ‘हा माझा भाचा’ म्हणून त्याला जवळ केलं. स्कॉटलंडच्या राजाने नात्यातली मुलगी दिली. १४९७ साली पकडला गेल्यावर कबुलीजबाब आला की हा तूर्नेचा पर्किन वॉरबेक, राजपुत्रबित्र कुणी नाही. १४९९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला टायबर्नला फाशी दिलं. आठ वर्षं एका राजाची झोप उडाली, कारण दोन पोरांचं काय झालं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आता हाडांकडे येऊ. १६७४ साली कामगार व्हाइट टॉवरच्या बाहेरचा जिना पाडत होते. दहाएक फूट खाली त्यांना लाकडी पेटी मिळाली, आत दोन लहान सांगाडे. दुसऱ्या चार्ल्सने ती हाडं वेस्टमिन्स्टर ॲबीत संगमरवरी कलशात ठेवली. कलशाचं डिझाइन क्रिस्टोफर रेनचं, म्हणजे सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारा तोच. वर लॅटिन मजकूर, की दगाबाज काकाच्या हुकमावरून उशांनी गुदमरवून मारलेले हे ते दोघे. पुरावा तपासायच्या आधीच निकाल दगडात कोरला! १९३३ साली कलश उघडून तपासणी झाली. वयं साधारण जुळतात असं तज्ज्ञांनी सांगितलं. पण मुलं की मुली हे ठरवता आलं नाही, हाडं कुठल्या शतकातली हेही नाही. तंत्रज्ञानच नव्हतं. शिवाय आत जनावरांची हाडंही मिसळली होती. त्यानंतर कलश परत उघडलेला नाही.

आणि आता तर तंत्रज्ञान आहे. २०१२ साली लेस्टरमध्ये एका कार पार्कखाली खुद्द काका सापडला. डांबराखाली तिसरा रिचर्ड, पाठीचा कणा एका बाजूला वळलेला. पुढच्या फेब्रुवारीत डीएनएने शिक्कामोर्तब झालं, त्याच्या बहिणीच्या लेकींच्या-लेकींच्या वंशातल्या आज जिवंत असलेल्या माणसांशी जुळवून. म्हणजे आज काकाचा वाय क्रोमोसोम आपल्याकडे आहे, आणि बापाकडून आलेला तो सख्ख्या पुतण्यांतही तसाच असायला हवा. जुळला तर अर्धी केस सॉल्व्ह. अर्धीच, कारण हाडं त्यांची निघाली तरी मारणाऱ्याचं नाव हाडांवर लिहिलेलं नसतं.

काकाला शोधणाऱ्या टीममागची बाई, फिलिपा लँगली, ही आता पुतण्यांच्या मागे आहे. २०२३ साली तिने टीव्हीवर नवे कागद दाखवले. त्यातली लीलमधली एक पावती आहे डिसेंबर १४८७ ची, चौथ्या एडवर्डच्या मुलासाठी शस्त्रं घेतल्याची. म्हणजे थोरला तेव्हा जिवंत? मला विचाराल तर त्या पावतीवरून इतकंच ठरतं की आत्याच्या गोटात कुणीतरी एका तरुणाला एडवर्डचा मुलगा म्हणत होतं. बिलावर लिहिलं म्हणून ते खरं असतं, तर आपल्या सगळ्यांची टॅक्सी रीइम्बर्समेंट्स खरी असती. दुसऱ्या बाजूला, इतिहासकार टिम थॉर्नटनने २०२४ साली १५१६ चं एक मृत्युपत्र पुढे आणलं. त्यात पाचव्या एडवर्डच्या साखळीचा उल्लेख आहे, आणि ते मृत्युपत्र करणारी बाई टिरेलची, त्या कथित मारेकऱ्याची, नातेवाईक. पोराच्या गळ्यातली साखळी त्या घरात कशी गेली? मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी लाइट लावून बसले.

माझा कौल? काका. पण कोर्टात टिकेल का विचारलंत, तर नाही.

खरं सांगायचं तर ‘कुणी मारलं’पेक्षा मला धाकट्याचाच प्रश्न जास्त छळतो. दिलंच का? यावर माझं उत्तर असं, की तिने दिलं नाही, घेतलं गेलं. बाहेर हत्यारबंद माणसं, थोरला आधीच त्यांच्या ताब्यात, आणि समोर देवाच्या नावाने शब्द देणारा म्हातारा आर्चबिशप. नाही म्हटलं असतं तर थोरल्याचं काय केलं असतं? हे तरी मला समजतं.

समजत नाही ते नऊ महिन्यांनंतरचं. १ मार्च १४८४ ला रिचर्डने सरदार, बिशप आणि लंडनच्या मेयरसमोर जाहीर शपथ घेतली, की राणीच्या मुली बाहेर आल्या तर त्यांना इजा करणार नाही, त्यांची लग्नं लावून देईन, आणि त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या तुरुंगात ठेवणार नाही. टॉवरचं नाव घेऊन! असं कलम आपणहून कोण घालतं? ते तिने घालून घेतलं असणार. मुलांबद्दल त्या शपथेत एक अक्षर नाही. आणि ती बाहेर आली. ज्याने तिचा भाऊ मारला, पहिल्या लग्नाचा मुलगा मारला, त्याच्या हवाली तिने मुली केल्या. रिचर्डवाले म्हणतात, बघा, म्हणजे पोरं जिवंत असल्याचं तिला कळलं होतं. विरोधक म्हणतात, दोन गेले, पाच मुली उरल्यात, आणि ॲबीत जन्म काढता येत नाही, हा तिचा हिशेब. मी आलटून पालटून दोन्हीकडे जाते.

परत निघायच्या आदल्या शनिवारी ताईला सुट्टी होती, म्हणून चौघं वेस्टमिन्स्टर ॲबीत गेलो. कलश बाजूच्या एका चिंचोळ्या भागात आहे, गर्दी पहिल्या एलिझाबेथच्या थडग्याशी जास्त. ताईला मी सगळी स्टोरी ट्यूबमध्ये ऐकवली होती. ती कलशासमोर काही बोलली नाही.

‘मावशी, मग उघडत का नाहीत?’ मोठ्याने विचारलं.

मी म्हटलं, ॲबीवाले म्हणतात एकदा पुरलेल्यांना पुन्हा उकरू नये. शिवाय ती हाडं त्यांची नाहीत असं निघालं तर ठेवायची कुठे?

‘मग दुसऱ्या कुणाची तरी असतील ना,’ धाकटा म्हणाला. ‘ती पण मुलंच होती.’

तेवढ्यात गाइडने आम्हाला पुढे सरकायला सांगितलं, मागे रांग खोळंबली होती.